समितीची बैठक कशी चालते? विषयपत्रिकेपासून इतिवृत्तापर्यंत

(वसईत झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती गाळली आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय फलकावर वाचून काही जण मनात म्हणाले असतील, समितीच्या बैठकीवर व्याख्यान? त्यात ऐकण्यासारखं काय आहे? चहा, बिस्किटं आणि सह्या! बाहेरून बघितलं तर तसंच दिसतं. पण तुमच्या गल्लीतलं गटार, स्टेशनबाहेर बसणारी भाजीवाली, रस्ता रुंद करताना मध्ये येणारं चिंचेचं झाड, घरपट्टीचा दर, यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या समितीच्या टेबलावरून जाते. आपण मात्र मोर्चा नेतो तो साहेबांच्या केबिनवर. विषय ज्या टेबलावर असतो, तिथे आपण नसतो.

आणि आत्ताच हे बोलायला एक कारण आहे. आपल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेची मुदत २८ जून २०२० रोजी संपली. त्यानंतर निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. मधली साडेपाच वर्षं प्रशासक होते. राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. आपल्याकडे आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद, यात एक अख्खी मुदत निघून गेली. त्या काळात जी मुलं अठरा वर्षांची झाली, त्यांनी महापालिकेची सभा भरलेली पाहिलेलीच नाही. जे जुने आहेत, त्यांची सवय मोडली. तेव्हा आज आपण ही सवय परत लावून घ्यायचा प्रयत्न करू.

प्रशासक असताना नेमकं काय नव्हतं?

लोक म्हणतात, प्रशासक होते तरी रस्ते झालेच की, पाणी आलंच की. बरोबर आहे, कामं थांबली नव्हती. पण एक गोष्ट थांबली होती, ती समजून घेऊ.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हा मुळात १९४९ चा कायदा. त्याचं जुनं नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. या कायद्यात महापालिकेचा कारभार एका माणसाच्या हातात दिलेला नाही, वाटून दिलेला आहे. सर्वसाधारण सभा आहे, स्थायी समिती आहे, प्रभाग समित्या आहेत, आणि आयुक्त आहेत. ढोबळमानाने असं म्हणा: आयुक्त प्रस्ताव मांडतात आणि अंमलबजावणी करतात, मधली मंजुरी मात्र दुसऱ्या कुणीतरी द्यायची. ठरावीक रकमेच्या वरचं कंत्राट असेल तर ते स्थायी समितीपुढे जातं. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात, स्थायी समिती त्यावर विचार करते आणि मग ते सर्वसाधारण सभेपुढे येतं.

प्रशासकाच्या काळात सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकांकडेच असतात. म्हणजे प्रस्ताव त्याच कार्यालयातून येणार आणि मंजुरीची सहीही त्याच कार्यालयात होणार. यात प्रशासकाच्या हेतूवर मी शंका घेत नाही. कितीही सचोटीचा अधिकारी असला तरी एक गोष्ट घडत नाही: समोरच्या खुर्चीवरून कुणी विचारत नाही, “साहेब, हा दर इतका का?” हा प्रश्न आणि त्याचं लेखी उत्तर, हीच समितीची खरी कमाई असते. ती साडेपाच वर्षं बंद होती.

समितीत कोण बसतं?

आता समित्या किती आणि कोण कोण, ते थोडक्यात पाहू. इथे फार वेळ घालवत नाही.

स्थायी समितीत सोळा सदस्य असतात, सगळे नगरसेवक. गंमत अशी की दरवर्षी निम्मे, म्हणजे आठ, निवृत्त होतात आणि नवे आठ येतात. पहिल्या वर्षी कोणते आठ जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. यामागे हेतू असा की समिती कधी पूर्ण नवखी राहू नये आणि कधी पूर्ण जुनीही होऊ नये.

या सोळा जागा पक्षांना संख्याबळाप्रमाणे मिळतात. वर्तमानपत्रात ‘तौलनिक संख्याबळ’ असा शब्द येतो, तो हाच. हिशोब करून बघू. आपल्या सभागृहात ११५ जागा. २०१५ ची निवडणूक घ्या. बहुजन विकास आघाडीचे १०६ निवडून आले, शिवसेनेचे ५, भाजपचा १ आणि अपक्ष ३. एकशे सहाला एकशे पंधराने भागा आणि सोळाने गुणा: १४.७५ येतं. पाचाचं काढलं तर ०.७०. अपक्षांचं ०.४२, एकट्याचं ०.१४. म्हणजे जवळच्या पूर्णांकाने गेलात तर पंधरा आणि एक. सोळाच्या समितीत विरोधाचा एक माणूस! तेव्हा तुम्ही म्हणाल, एकटा काय करणार? थांबा, तो काय करू शकतो ते पुढे येतंच.

परिवहन समिती वेगळी. आपल्या बससेवेचा कारभार तिच्याकडे. तिच्यावर नगरसेवक नसलेली माणसंही नेमता येतात. महिला व बालकल्याण समितीसारख्या विशेष समित्या आहेत. आणि मग आपल्या सगळ्यात जवळची, ती प्रभाग समिती.

१९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने सांगितलं की तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या हव्यातच. आपल्या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाख २२ हजार होती. आपल्याकडे अशा नऊ प्रभाग समित्या झाल्या: बोळींज, चंदनसार, आचोळे, पेल्हार, वालीव, नवघर-माणिकपूर, वसई वगैरे. आपण बोलताना ‘प्रभाग समितीत जाऊन दाखला घेतला’ असं म्हणतो. पण ते झालं कार्यालय. समिती म्हणजे त्या भागातले नगरसेवक, त्या भागाचे प्रभारी अधिकारी, म्हणजे सहाय्यक आयुक्त, आणि शिवाय तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य. हे तीन कोण? त्याच भागातले मतदार आणि समाजकल्याणाचं काम करणाऱ्या स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांमधले. ही तीन खुर्च्यांची गोष्ट लक्षात ठेवा. कायद्याने नागरिकासाठी ठेवलेली ती जागा आहे, आणि ती आपोआप भरत नाही. कुणीतरी मागावी लागते.

पहिलं दार: विषयपत्रिका

आता मुख्य भाग. बैठक म्हणजे दोन तासांची चर्चा, असं आपल्याला वाटतं. माझं म्हणणं असं आहे की बैठकीला तीन दारं असतात. एक चर्चेच्या आधी उघडतं, एक चर्चेच्या शेवटी, आणि एक चर्चा संपून सगळे घरी गेल्यावर. चर्चेत कोण किती मोठ्याने बोललं याला फारसं महत्त्व नाही. या तीन दारांपाशी कोण उभं होतं, याला आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, आचोळ्यात एका सोसायटीसमोरचं गटार दर पावसाळ्यात तुंबतं. सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंनी चार अर्ज दिले. पाचव्या वेळी नगरसेवक म्हणाले, “ताई, काळजी करू नका, मी समितीत बोलतो.” आणि ते खरोखर बोलले. जोरात बोलले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओही आला. काम झालं का? नाही. का नाही? कारण गटाराचा विषय विषयपत्रिकेवर नव्हता. जो विषय पत्रिकेवर नाही, त्यावर ठराव नाही. ज्यावर ठराव नाही, त्याची फाईल नाही.

विषयपत्रिका म्हणजे आपण ज्याला अजेंडा म्हणतो ती. महापालिकेत ती नगरसचिवांच्या कार्यालयातून निघते. सर्वसाधारण सभेची सूचना साधारणपणे सात पूर्ण दिवस आधी काढायची असते. ‘पूर्ण दिवस’ म्हणजे काय? सूचना दिली तो दिवस धरायचा नाही, सभेचा दिवसही धरायचा नाही; मधले सात. हे सात दिवस कशासाठी? तर सदस्याने कागद वाचावेत, जागेवर जाऊन बघून यावं, तुम्हाला-आम्हाला विचारावं. वाचायला वेळ न देता मागितलेली मंजुरी ही मंजुरी नसते, नुसती सही असते.

म्हणून ‘आयत्या वेळचे विषय’ या शब्दांकडे नीट लक्ष द्या. खरंच तातडी असते: पूर येतो, पूल खचतो. तेव्हा पत्रिकेबाहेरचा विषय घ्यावा लागतो. पण तो अपवाद. दर बैठकीत शेवटच्या दहा मिनिटांत डझनभर विषय आयत्या वेळी येऊ लागले, तर समजा की पहिलं दार बंद करून मागच्या खिडकीतून सामान आत चाललंय. सोळामधला तो एकटा विरोधी सदस्य इथे कामाला येतो. त्याने फक्त एवढंच म्हणायचं: “हा विषय पत्रिकेवर नव्हता, माझ्याकडे टिपणी आलेली नाही, माझा विरोध नोंदवा.” मतात तो हरेल. पण ‘नोंदवा’ हा शब्द उच्चारला की तो कागदावर जातो, आणि कागद पाच वर्षांनी लेखापरीक्षकापुढे किंवा न्यायालयात बोलतो.

मग आपल्या ताईंनी काय करायला हवं होतं? नगरसेवकाला ‘बोला’ असं सांगण्याऐवजी ‘प्रभाग समितीच्या पुढच्या पत्रिकेवर हा विषय लेखी द्या, आणि विषय क्रमांक मला कळवा’ असं सांगायचं. प्रभाग समितीला हे अधिकार आहेत: पाणी, गटार, साफसफाई यांच्या तक्रारींचं त्वरित निवारण करणं, आपल्या भागातल्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारस करणं, आणि अंदाजपत्रकात तरतूद असेल तर ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांना स्वतः मंजुरी देणं. छोटं गटार पुष्कळदा याच मर्यादेत बसतं. त्यासाठी मुख्यालय गाठायची गरजच नसते.

वेळेचंही भान ठेवा. करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि अंदाजपत्रक ३१ मार्चच्या आत व्हायचं असतं. म्हणजे प्रभाग समितीच्या शिफारशी त्याच्या बऱ्याच आधी जायला हव्यात. आपण मागणी कधी करतो? जूनमध्ये, गुडघाभर पाण्यात उभे राहून. त्या वर्षीच्या पैशांची वाटणी तोपर्यंत झालेली असते. गटाराचा अर्ज द्यायचा खरा महिना दिवाळीनंतरचा.

दुसरं दार: ठरावाचे शब्द

बैठक सुरू झाली. आधी गणसंख्या बघायची, आपण कोरम म्हणतो ती. सर्वसाधारण सभेला एकूण सदस्यांच्या एक-तृतीयांश हजर लागतात. ११५ चे एक-तृतीयांश म्हणजे ३९. हे कमी आहेत असं कुणीतरी पीठासीन अधिकाऱ्यांच्या लक्षात आणून दिलं की सभा तहकूब करावी लागते. कुणी बोललंच नाही तर? चालते तशीच. म्हणजे मोजणारा माणूस लागतो. कधी कधी नको असलेला विषय टाळायला सत्ताधारीच हळूच बाहेर चहाला जातात आणि गणसंख्या मोडते. तेव्हा ‘सभा तहकूब’ अशी बातमी वाचली की विचारायचं: पत्रिकेवर कोणता विषय होता?

मग विषय पुकारला जातो. प्रशासनाची टिपणी वाचली जाते. चर्चा होते. कुणी हरकतीचा मुद्दा घेतं. हरकतीचा मुद्दा म्हणजे मला हे पटत नाही असं नव्हे. नियमाप्रमाणे कामकाज चाललेलं नाही असं दाखवून देणं. त्यावर सभापतींनी तिथल्या तिथे निर्णय द्यायचा असतो. कुणी उपसूचना मांडतं, म्हणजे मूळ सूचनेत बदल सुचवतं. आधी उपसूचनेवर मत घेतात, मग मूळ सूचनेवर. मतं समसमान झाली तर सभापतींना निर्णायक मत असतं. ज्या सदस्याचा त्या विषयात स्वतःचा आर्थिक संबंध आहे, त्याने त्यावर मत द्यायचं नसतं.

आणि शेवटी ठराव. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. माझी विनंती आहे, चर्चेतलं सगळं विसरलात तरी चालेल, ठरावाचं क्रियापद वाचा. तीन ठराव घ्या.

“सदर गटाराबाबत प्रशासनाने योग्य ती कार्यवाही करावी.”

“सदर गटाराच्या कामास शिफारस करण्यात येत आहे.”

“सदर गटाराच्या कामास, अमुक लेखाशीर्षातून अमुक रकमेच्या खर्चास, प्रशासकीय मान्यता व आर्थिक मंजुरी देण्यात येत आहे.”

पहिल्या ठरावात काहीच नाही. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे आयुक्तांना योग्य वाटेल ती, केव्हाही, किंवा कधीच नाही. दुसऱ्यात विषय पुढे गेला, पण निर्णय दुसऱ्याने घ्यायचाय. तिसऱ्यात गटार आहे. टाळ्या तिन्हींना सारख्याच पडतात.

हाच फरक समित्यांच्या जातीतही आहे. काही समित्या निर्णय घेणाऱ्या, काही सल्ला देणाऱ्या. जुलै २०१८ चा पूर तुम्हा सगळ्यांना आठवतो. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी, गाड्या बंद, मिठागर वस्तीतली माणसं अडकलेली. त्यानंतर पालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली. त्यांनी अभ्यास केला, धारण तलावांसारखे उपाय सुचवले. हे काम मोलाचंच आहे. पण तज्ज्ञ समिती सुचवू शकते, पैसा मंजूर करू शकत नाही. अहवालातली शिफारस पुन्हा विषयपत्रिकेवर यावी लागते, तिचा ठराव व्हावा लागतो, तरतूद व्हावी लागते. ‘अहवाल आला’ आणि ‘निर्णय झाला’ या दोन वाक्यांमध्ये पूर्ण स्थायी समिती उभी असते. ते अंतर कुणी मोजत नाही, म्हणून अहवाल कपाटात राहतात.

नागरिकांच्या खुर्च्या असलेल्या समित्या

आता अशा दोन समित्या सांगतो, जिथे नगरसेवक आणि अधिकारी यांच्या पलीकडची माणसं कायद्यानेच बसतात.

एक, नगर पथविक्रेता समिती. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने आलेली. अध्यक्ष आयुक्त. पण सदस्यांत कमीत कमी ४० टक्के पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी, विक्रेत्यांनीच निवडून दिलेले, आणि त्यांच्यात एक-तृतीयांश महिला. संस्थांचे प्रतिनिधी आणखी १० टक्के. विचार करा: विरार स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसणारी बाई आणि आयुक्त एकाच टेबलावर. दर पाच वर्षांनी एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं, आणि ते पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असं कायदा म्हणतो. पण त्या बाईला विषयपत्रिका दोन दिवस आधी, सरकारी मराठीतल्या चाळीस पानांत मिळाली, तर ती खुर्चीवर बसूनही बैठकीबाहेरच राहते. खुर्ची देणं सोपं असतं. कागद वेळेत आणि कळेल असा देणं, ही खरी भागीदारी.

दोन, वृक्ष प्राधिकरण. १९७५ च्या कायद्याचं. शहरात झाड तोडायचं तर या प्राधिकरणाची परवानगी हवी, आणि त्याआधी जाहीर सूचना देऊन हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात. वसईत वाडी आणि झाडं यांचं नातं मी तुम्हाला सांगायला नको. पण सात दिवस म्हणजे किती? सूचना मंगळवारी आतल्या पानावर आली, तुम्ही रविवारी पेपर चाळलात, तर तुमच्या हातात दोन दिवस. हरकत लिहिताना ‘झाडं तोडू नका’ एवढंच लिहिलं तर उत्तर एकाच ओळीत येतं. ‘सूचनेतल्या क्रमांक अमुकच्या झाडाऐवजी नाला तीन फूट पूर्वेला घेता येईल’ असं लिहिलं, तर त्याचं उत्तर प्राधिकरणाला द्यावं लागतं. हरकत जितकी नेमकी, तितकी ती इतिवृत्तात टिकते.

दोन संस्था एका टेबलावर

आणि आता सगळ्यात अवघड प्रकार: संयुक्त समिती. पाणी, कचरा, खाडी, रस्ता यांना महापालिकेची हद्द कळत नाही. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना बघा. एमएमआरडीएची, एकूण ४०३ दशलक्ष लिटर. त्यात १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. धरण मुळात शेतीच्या सिंचनासाठी बांधलेलं. म्हणजे एका पाण्यावर दोन महापालिका, एक प्राधिकरण, जलसंपदा खातं आणि तिथला शेतकरी.

आपल्या अधिनियमात अशी सोय आहे की महापालिका दुसऱ्या स्थानिक संस्थेबरोबर संयुक्त समिती नेमू शकते, दोघांच्या हिताच्या कामासाठी. अशा समितीत अडचण कुठे येते? अध्यक्ष कोण आणि चिटणीस कुठल्या कार्यालयाचा, इथूनच. इतिवृत्त लिहिणारा एका बाजूचा असेल तर दुसऱ्या बाजूचं म्हणणं दोन ओळींत आटोपतं. दुसरं म्हणजे, प्रतिनिधी काय अधिकार घेऊन आलाय? त्याच्या सभेने त्याला अधिकार सोपवले असतील तर त्याचा शब्द बांधील. नसतील तर तो म्हणणार, “आमच्या सभेपुढे ठेवून कळवतो.” मग दोन्ही सभांत वेगवेगळ्या शब्दांचे ठराव होतात आणि पुढची बैठक फक्त ते शब्द जुळवण्यात जाते. म्हणून संयुक्त समितीच्या पहिल्या बैठकीत पहिले तीन विषय हेच असावेत: कामकाजाचे नियम, अधिकार किती, आणि खर्चाची वाटणी कशी. पाण्याचा विषय चौथा.

मोठ्या प्रमाणावर हेच काम जिल्हा नियोजन समिती करते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. राज्यघटनेप्रमाणे तिचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून, ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात यायला हवेत. आता जोडून बघा: महापालिकेत साडेपाच वर्षं नगरसेवकच नव्हते. मग त्या टेबलावर या शहराच्या वतीने नगरसेवक म्हणून कोण बसणार? एका सभागृहाची निवडणूक लांबली की दुसऱ्या समितीतली खुर्चीही रिकामी होते. हे नुकसान कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

तिसरं दार: इतिवृत्त

बैठक संपली. आता तिसरं दार. इतिवृत्त. पुढच्या बैठकीत पहिला विषय असतो: ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.’ सगळे ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात आणि पुढे जातात. पन्नास सेकंदांचा विषय. माझ्या मते बैठकीतला सगळ्यात महत्त्वाचा.

का? कारण कायद्याच्या दृष्टीने तेच घडलं, जे इतिवृत्तात आहे. सभेत तुम्ही ‘पाच फूट’ म्हणालात आणि इतिवृत्तात ‘आवश्यकतेनुसार’ आलं, तर तुम्ही पाच फूट म्हणालाच नाहीत. दुरुस्ती करायची एकच वेळ असते, कायम होण्याआधीची. त्यानंतर सभापतींची सही झाली की ते दगडावरचं. म्हणून सदस्याने मागच्या इतिवृत्ताचा मसुदा वाचून यावं, आणि नागरिकाने सदस्याला विचारावं: वाचलंत का?

ठराव बेकायदेशीर असेल तर राज्य सरकार कलम ४५१ खाली तो रोखू शकतं, रद्दही करू शकतं. ‘विखंडनासाठी पाठवला’ असं बातमीत येतं, ते हे. तिथेही मंत्रालय सभेतलं भाषण ऐकत नाही, ठरावाचा आणि इतिवृत्ताचा कागद वाचतं.

आपल्या ताईंकडे परत येऊ. समजा, विषय पत्रिकेवर आला, तिसऱ्या प्रकारचा ठराव झाला, इतिवृत्त कायम झालं. आता त्यांच्याकडे एक क्रमांक आहे, ठराव क्रमांक आणि दिनांक. सहाव्या अर्जात त्या एवढंच लिहितील: ‘ठराव क्रमांक अमुक, दिनांक तमुक, याची अंमलबजावणी कुठवर आली?’ पहिल्या पाच अर्जांत त्या विनवणी करत होत्या. सहाव्यात त्या हिशेब मागताहेत.

एवढंच सांगायचं होतं. आता प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: आम्हा सामान्य माणसांना सभेत बसता येतं का?*

सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते. हजर सदस्यांच्या बहुमताने तसा ठराव करूनच ती बंद करता येते. गॅलरीतून ऐकायचं, बोलायचं नाही. समित्यांच्या बैठकांना तसं बसता येईलच असं नाही. पण माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ४ (१) (ख), त्यातला आठवा मुद्दा वाचा. प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचं असतं की आपल्याकडे कोणत्या समित्या आहेत, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना मिळतात का. तेव्हा पहिला अर्ज इतिवृत्तासाठी नको. ही यादी कुठे प्रसिद्ध केली आहे, ते विचारणारा हवा.

*प्रश्न: आणि अर्ज करूनही इतिवृत्त दिलं नाही तर?*

तीस दिवस वाट बघा. मग तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करा. अर्जात ‘सर्व इतिवृत्ते’ मागू नका, गठ्ठा बघून लोक घाबरतात आणि उत्तर लांबतं. समितीचं नाव, बैठकीची तारीख, विषय क्रमांक, एवढंच मागा.

*प्रश्न: आमचं गाव महापालिकेत गेलं. पूर्वी ग्रामसभेत आम्ही उभं राहून सरपंचाला विचारायचो. आता कुणाला विचारायचं?*

काका, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि पन्नासहून अधिक गावं मिळून ही महापालिका झाली. गावं आत की बाहेर हा वाद वर्षानुवर्षं चालला. त्या वादात एक गोष्ट बाजूला पडली: ग्रामसभेत प्रत्येक मतदार सदस्य असतो, महापालिकेच्या सभेत नसतो. तुमचा बोलायचा हक्क प्रतिनिधीकडे गेला. शहरासाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली, पण ती रुजली नाही. त्यामुळे आज ग्रामसभेच्या सगळ्यात जवळचं जे आहे ते म्हणजे प्रभाग समिती, आणि तिच्यातल्या त्या तीन नामनिर्देशित खुर्च्या. तुमच्या भागात त्या भरल्यात का, कोण बसलंय, हे आधी विचारा. नसतील भरल्या, तर ग्रामसभेत उभं राहून बोलायची सवय असलेला माणूस तिथे पाठवा. असा माणूस तुमच्या गावात नक्की असेल. कदाचित तुम्हीच असाल.

*प्रश्न: एवढं सगळं बघायला आम्हाला वेळ कुठे? सकाळी सहाची लोकल पकडायची असते.*

खरं आहे, आणि ते नाकारून चालणार नाही. म्हणून एकट्याने करू नका. सोसायटीत पाच जण ठरवा. एकाने पत्रिका मिळवायची, एकाने ठराव वाचायचा, एकाने इतिवृत्त. महिन्याला एक बैठक, एक समिती, तुमच्या प्रभागाची. विरार ते चर्चगेट गाडीत दीड-पावणेदोन तास मिळतात. महिन्यातून एकदा त्यातली वीस मिनिटं मोबाईलवरच्या विषयपत्रिकेला द्या.